पहिल्या वर्षाआधीच्या उन्हाळ्यात कॉलेजचा एक कोर्स: अमेरिकेतल्या मराठी मुलांसाठी आणि पालकांसाठी

एक मेपर्यंत विद्यापीठ ठरतं, जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात हायस्कूल संपतं आणि प्रत्यक्ष कॉलेज सुरू व्हायला ऑगस्टची किंवा थेट सप्टेंबरची अखेर उजाडते. या मधल्या काळात जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या, कमी फीच्या सरकारी कॉलेजात) एखादा कोर्स करून ठेवावा का, हा प्रश्न आमच्या बे एरियातल्या मराठी घरांमधून दरवर्षी वसंतात ऐकू येतो. करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पण एकच करावा आणि तो नेमका कशासाठी करतोय हे फी भरण्याआधी ठरवावं. चार कोर्स उरकून वर्षभर आधी पदवी घेऊ, हा हिशेब कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात त्यातली निम्मी क्रेडिट नको तिथे जाऊन पडतात आणि मुलगा पहिल्या वर्षाला दमूनच पोचतो.

पुढची माहिती मुख्यतः कॅलिफोर्नियाची आहे, कारण इथली व्यवस्था मला जवळून माहीत आहे. इतर राज्यांत नियमांचे तपशील बदलतात, पण पायऱ्यांचा क्रम साधारण हाच राहतो.

पहिली पायरी: आपल्या विद्यापीठाला हा कोर्स चालतो का?

कॉलेज जवळ आहे किंवा मैत्रीण तिथे जातेय म्हणून मुलं आधी नाव नोंदवतात आणि क्रेडिटचं मागाहून विचारतात. क्रम उलटा हवा. सप्टेंबरमध्ये ज्या विद्यापीठात जायचंय त्याच्या दृष्टीने या कोर्सची किंमत काय, हे आधी बघायचं.

यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) किंवा कॅल स्टेट (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) इथे जाणार असाल तर 'असिस्ट डॉट ऑर्ग' ही सरकारी साइट उघडा. वर्ष निवडा, कम्युनिटी कॉलेज निवडा, जिथे जाणार ते विद्यापीठ निवडा आणि मग तुमचा मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, निवडा. समोर दोन रकाने येतात. डावीकडे विद्यापीठाचा कोर्स असतो आणि उजवीकडे त्याच्या बदल्यात चालणारा कम्युनिटी कॉलेजचा कोर्स. उजवीकडे 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' लिहिलेलं असेल तर त्या कॉलेजातला कुठलाच कोर्स त्या जागी चालत नाही, मग नाव कितीही सारखं असो. कधी उजवीकडे दोन कोर्स एकाखाली एक असतात आणि मध्ये 'अँड' असतं. दोन्ही केले तरच डावीकडचा एक सुटतो. हा 'अँड' नजरेतून निसटतो आणि मग एकच कोर्स करून मुलं अडकतात.

क्वार्टर (छोटं सत्र) आणि सेमिस्टर (लांब सत्र) यांच्या फरकामुळे असं बऱ्याचदा होतं. कुपर्टिनोचं डी आन्झा आणि लॉस आल्टोस हिल्सचं फूटहिल ही दोन्ही कॉलेजं क्वार्टरवर चालतात. यूसीपैकी बर्कली आणि मर्सेड सेमिस्टरवर आहेत, पदवीपूर्व शिक्षण देणारे बाकीचे कॅम्पस क्वार्टरवर. क्वार्टरचं एक युनिट (कोर्सचं क्रेडिट मोजायचं माप) म्हणजे सेमिस्टरचं दोन-तृतीयांश. म्हणून बर्कलीला जाणाऱ्या मुलाने डी आन्झात कॅल्क्युलसचा पहिलाच भाग केला, तर सेमिस्टरभराचा कॅल्क्युलस झाला असं समजायचं कारण नाही.

न्यू जर्सीत हेच काम 'एनजे ट्रान्सफर' ही साइट करते. रटगर्सला जाणारी एडिसनची मुलं मिडलसेक्स कॉलेजमधला कोर्स तिथे तपासू शकतात. टेक्सस आणि फ्लोरिडामध्ये राज्यभर सामाईक कोर्स-क्रमांकांची पद्धत असल्याने जुळणी सोपी जाते. खासगी किंवा दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठात जाणार असाल तर कुठल्याही साइटवर विसंबू नका. तिथल्या रजिस्ट्रारला किंवा ॲडव्हायझरला कोर्सचं नाव, क्रमांक आणि सिलॅबस जोडून ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. काही खासगी विद्यापीठं बाहेरचं क्रेडिट जवळजवळ देतच नाहीत. तसं असेल तर ते एप्रिल-मेमध्येच कळलेलं बरं.

'क्रेडिट मिळेल' या उत्तरावर समाधान मानू नका. पुढचा प्रश्न विचारा: कशाचं क्रेडिट? मेजरची एखादी अट सुटते, जनरल एज्युकेशनची (सगळ्यांना लागणाऱ्या सर्वसाधारण विषयांची) सुटते, की नुसती इलेक्टिव्ह युनिटं जमा होतात? तिसरं उत्तर आलं तर त्या कोर्समागे उन्हाळा घालवण्यात मला अर्थ दिसत नाही.

विषय कोणता घ्यावा

यूसीला जाणाऱ्यांसाठी माझी पहिली शिफारस इंग्रजी लेखनाची आहे. यूसीत 'एंट्री लेव्हल रायटिंग' नावाची अट प्रत्येकाला पुरी करावी लागते. एपी इंग्लिशमध्ये (एपी म्हणजे हायस्कूलमध्ये देता येणारी कॉलेज-पातळीची परीक्षा) ३ किंवा जास्त गुण असतील तर ती आपोआप सुटते. नसेल, तर यूसीत दाखल होण्याआधी कम्युनिटी कॉलेजात कॉम्पोझिशनचा ट्रान्सफरेबल कोर्स 'सी' किंवा वरच्या ग्रेडने केला तरी सुटते. एकदा यूसीत पाऊल टाकलं की हा बाहेरचा रस्ता बंद होतो, त्यामुळे या कोर्ससाठी हाच उन्हाळा योग्य. २०२५ च्या फॉलपासून कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत या कोर्सला 'इंग्लिश सी-१०००' असा सामाईक क्रमांक मिळाला आहे. पूर्वी बऱ्याच ठिकाणी तो 'इंग्लिश १-ए' होता. मोठ्या भावंडांच्या तोंडी अजून जुनंच नाव असतं, म्हणून सांगितलं.

कॅल स्टेटला जाणाऱ्यांना अमेरिकन इतिहास आणि शासनव्यवस्था यांची अट असते. तिथे 'अमेरिकन गव्हर्नमेंट' हा कोर्स उन्हाळ्यात चांगला बसतो. मानसशास्त्र, समाजशास्त्र, जीवशास्त्र अशा वाटेने जाणाऱ्यांना स्टॅटिस्टिक्स लागतंच. तोही चांगला पर्याय.

टाळावं काय? ज्या विषयावर पुढची तीन वर्षं उभी राहणार आहेत तो सहा आठवड्यांत उरकू नये. इंजिनिअरिंगला जाणाऱ्याचं कॅल्क्युलस आणि फिजिक्स, डॉक्टर व्हायची इच्छा असणारीचं केमिस्ट्री, हे विद्यापीठातच नीट वेळ देऊन करावं. मेडिकलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. पुढे एमडीच्या अर्जासाठी 'एएमकॅस'कडे (मेडिकल कॉलेजांच्या सामाईक अर्जसेवेकडे) शिकलेल्या प्रत्येक कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट द्यावं लागतं. विद्यापीठ बाहेरच्या कोर्सची ग्रेड आपल्या जीपीएत सहसा धरत नाही, फक्त क्रेडिट घेतं. पण मूळ ग्रेड त्या कम्युनिटी कॉलेजच्या कागदावर कायम राहते. उन्हाळ्यात सहज घेतलेल्या कोर्सची 'डी' चार वर्षांनी अर्जात समोर येते.

एपी दिलेल्यांनी आणखी जपावं. एकाच विषयाचं क्रेडिट दोनदा मिळत नाही. एपी स्टॅटिस्टिक्समध्ये चांगले गुण पडले आणि तोच कोर्स उन्हाळ्यात केला, तर एक वाया जातो. अडचण अशी की समरची नोंदणी एप्रिल-मेमध्ये होते आणि एपीचे निकाल जुलैत लागतात. म्हणून ज्याची एपी दिलीच नाही असा विषय निवडणं सगळ्यात सुरक्षित.

सहा आठवड्यांचा खरा हिशेब

पालकांनी हा भाग मुलाबरोबर बसून वाचावा. कॅलिफोर्नियात सेमिस्टरच्या एका युनिटमागे वर्ग आणि घरचा अभ्यास मिळून किमान ४८ तास धरलेले असतात. तीन युनिटांचा कोर्स म्हणजे १४४ तास. सोळा-सतरा आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये ते आठवड्याला नऊ तासांच्या आसपास जातात. सहा आठवड्यांच्या समरमध्ये तेच तास भागले की आठवड्याला २४ येतात. पाच युनिटांचं कॅल्क्युलस घेतलं तर २४० तास, म्हणजे आठवड्याला ४०, पूर्णवेळ नोकरीइतके.

यात आइस्क्रीमच्या दुकानातली नोकरी, ड्रायव्हिंगचा सराव, निरोपाच्या पार्ट्या आणि विद्यापीठाचं दोन दिवसांचं ओरिएंटेशन मिळवा. तीन-चार युनिटांचा एक कोर्स यात आरामात मावतो. दुसरा घातला की दोन्हीकडे ओढाताण होते. आठ किंवा बारा आठवड्यांचं समर सत्र मिळालं तर ते आधी बघा.

अर्ज आणि नावनोंदणी

कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत आणि अर्ज 'सीसीसी अप्लाय'वरून होतो. तो मोफत आहे. अर्ज केल्यावर कॉलेजकडून विद्यार्थी क्रमांक येतो, पण त्याला काही दिवस लागू शकतात. अर्ज एप्रिलमध्येच करून ठेवा.

अर्जात शिक्षणाची स्थिती विचारतात तिथे नीट बघा. कोर्स सुरू होण्याच्या दिवशी हायस्कूल संपलेलं असेल तर 'पहिल्यांदाच कॉलेजला येणारा विद्यार्थी' हा पर्याय. समरचा वर्ग ग्रॅज्युएशनच्या आधी सुरू होत असेल, तर तुम्ही अजून हायस्कूलचेच विद्यार्थी ठरता. मग ड्युअल एन्रोलमेंटचा (शाळेत असतानाच कॉलेजचा कोर्स करण्याचा) फॉर्म, शाळेच्या काउन्सेलरची सही आणि पालकांची सही लागते. शाळा सुटल्यावर काउन्सेलरही सुट्टीवर जातात, त्यामुळे ती सही मेमध्येच घ्यावी.

त्यानंतर रेसिडेन्सीचे प्रश्न येतात. कॅलिफोर्नियाचे रहिवासी ठरायला एक वर्ष आणि एक दिवस इथे वास्तव्य लागतं. रहिवाशांना फी सेमिस्टरच्या युनिटला ४६ डॉलर पडते, क्वार्टरच्या कॉलेजात ३१. तीन युनिटांचा कोर्स १३८ डॉलरला होतो. त्यावर आरोग्य, पार्किंग वगैरेंची किरकोळ फी असते. गेल्याच वर्षी दुसऱ्या राज्यातून किंवा भारतातून आला असाल आणि वर्ष पुरं झालेलं नसेल, तर फी अनेक पटींनी वाढते. न्यू जर्सीत हाच फरक काउंटीप्रमाणे पडतो. आपल्या काउंटीच्या कॉलेजात फी कमी, दुसऱ्या काउंटीत जास्त.

एच-४ व्हिसावरच्या मुलांना कॉलेजात शिकायला वेगळी परवानगी लागत नाही. केंद्र सरकारची आर्थिक मदत मात्र मुख्यतः नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना मिळते, एच-४ वाल्यांना नाही. रेसिडेन्सीसाठी कॉलेज व्हिसाचे आणि पत्त्याचे कागद मागेल, ते स्कॅन करून तयार ठेवा. घरात ५२९ खातं (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) असेल तर कम्युनिटी कॉलेजची फी त्यातून भरता येते. पावती जपा आणि पैसे त्याच कॅलेंडर वर्षात काढा.

वर्ग निवडताना वेळापत्रकात 'झीरो टेक्स्टबुक कॉस्ट' असं चिन्ह दिसलं तर तो वर्ग घ्या. तिथे 'ओपनस्टॅक्स'सारखी मोफत पुस्तकं वापरतात. नाहीतर १३८ डॉलरच्या कोर्सला तेवढ्याच किमतीचं पुस्तक घ्यावं लागल्याची उदाहरणं कमी नाहीत. गणित किंवा लेखनाच्या कोर्सला पूर्वअट असेल तर हायस्कूलचं ट्रान्सक्रिप्ट पाठवून ती आधी मोकळी करून घ्यावी लागते. नोंदणीच्या दिवशी बटण दाबल्यावर 'प्रीरेक्विझिट नॉट मेट' दिसलं की जागा दुसऱ्याला जाते.

नव्या विद्यार्थ्यांना नोंदणीची तारीख उशिराची मिळते, त्यामुळे लोकप्रिय वर्ग भरलेले असतात. वेटलिस्टवर नाव घाला आणि पहिल्या दिवशी वर्गात हजर राहा. ऑनलाइन असेल तर पहिल्याच दिवशी प्राध्यापकांना दोन ओळींची ईमेल करा. पहिल्या दिवशी न आलेल्यांची नावं प्राध्यापक काढतात आणि त्या जागांसाठी 'ॲड कोड' (नाव नोंदवायला लागणारा क्रमांक) देतात. नाव आधीच लागलेलं असेल तर हीच गोष्ट तुमच्याही बाबतीत होऊ शकते. ऑनलाइन वर्गात पहिला छोटा असाइनमेंट वेळेत दिला नाही म्हणून नाव निघालेली मुलं असतात.

आपल्या कॉलेजात जागाच नसेल तर 'कॅलिफोर्निया व्हर्च्युअल कॅम्पस'वर राज्यभरातल्या कम्युनिटी कॉलेजांचे ऑनलाइन कोर्स एकत्र शोधता येतात. असिस्टवरची तपासणी मात्र त्या नव्या कॉलेजसाठी पुन्हा करायची.

ही सगळी कामं मुलाने स्वतः करायची आहेत. आपल्याकडे बाबा फोन करून विचारतात, आई फॉर्म भरते. इथे मूल कॉलेजात दाखल झालं की 'फर्पा' या विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्याने त्या कॉलेजमधल्या नोंदींवरचा हक्क त्याचा स्वतःचा होतो, वय सतरा असलं तरी. कॉलेज पालकांना ग्रेडही सांगणार नाही. मुलाला शेजारी बसवा, पण फोन आणि ईमेल त्यालाच करू द्या. हे शिकायला १३८ डॉलरचा कोर्स फार चांगली जागा आहे. सप्टेंबरनंतर तो घरापासून लांब असेल आणि तेव्हा हेच सगळं एकट्याने करावं लागेल.

कोर्स सोडायच्या तारखा

समरमध्ये मुलं सगळ्यात जास्त इथेच फसतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. छोट्या सत्रात फी परत मिळण्याची मुदत कोर्सच्या पहिल्या १० टक्क्यांपर्यंत असते. सहा आठवड्यांत ती जेमतेम तीन-चार दिवसांत संपते. ट्रान्सक्रिप्टवर काहीच न उमटता कोर्स सोडण्याची मुदत साधारण २० टक्क्यांपर्यंत, म्हणजे पहिल्या आठवड्याच्या आसपास. त्यानंतर सोडला तर 'डब्ल्यू' (विथड्रॉवल, म्हणजे कोर्स सोडल्याची नोंद) लागतो आणि ती मुदत सुमारे ७५ टक्क्यांना संपते. त्याही नंतर जी ग्रेड येईल ती घ्यावीच लागते. नुसतं जायचं बंद केलं म्हणजे कोर्स सुटला असं होत नाही. पोर्टलवर जाऊन स्वतः 'ड्रॉप' करावं लागतं, नाहीतर 'एफ' येतो.

या तारखा प्रत्येक वर्गाच्या वेगळ्या असतात. नोंदणी झाल्याबरोबर पोर्टलवरून त्या बघून फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. पहिल्या तीन दिवसांत सिलॅबस वाचून झाला पाहिजे आणि पहिला घरचा अभ्यास करून झाला पाहिजे. तेवढ्यात जमणार नाही असं वाटलं तर लगेच सोडावा, त्यात काही कमीपणा नाही. 'पास-नो पास'चा पर्याय समोर आला तरी विद्यापीठाला विचारल्याशिवाय घेऊ नका. मेजरच्या अटींना बहुतेक ठिकाणी लेटर ग्रेडच लागते.

भारतात जाणार असाल तर

जून-जुलैत पुण्याला लग्न, कोकणात आजीकडे पंधरा दिवस आणि सोबत ऑनलाइन कोर्स, असा बेत बरीच घरं करतात. जमतो, पण वर्ग असिंक्रोनस, म्हणजे ठरलेल्या वेळी हजर राहावं न लागणारा, हवा. उन्हाळ्यात कॅलिफोर्निया आणि भारत यांत साडेबारा तासांचं अंतर असतं. रात्री ११:५९ ची मुदत भारतात दुसऱ्या दिवशी दुपारी १२:२९ ला पडते, ती सोयीचीच आहे. पण सकाळी दहाची परीक्षा रात्री साडेदहाला येते, तीही कॅमेरा चालू ठेवून. कॅनव्हासमध्ये (कॉलेजच्या ऑनलाइन वर्गाच्या साइटवर) आपल्या खात्याची वेळ-पट्टी बदलली की मुदती भारतीय वेळेत दिसू लागतात. पावसात गावची वीज गेली तर दुसरी सोय काय, हे जाण्याआधीच ठरवा. परीक्षेच्या दिवशी शहरात असणं उत्तम. आणि पहिले दहा दिवस तरी प्रवासात नसावेत, कारण वर सांगितलेल्या सगळ्या मुदती त्याच दिवसांत येतात.

भारतातून थेट एफ-१ व्हिसावर पहिल्या वर्षाला येणाऱ्यांसाठी हा रस्ता अरुंद आहे. आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देतं ते प्रवेशाचं कागदपत्र) वरच्या सुरुवातीच्या तारखेच्या ३० दिवसांहून आधी अमेरिकेत प्रवेश मिळत नाही आणि पर्यटक व्हिसावर क्रेडिटचा कोर्स करता येत नाही. त्यांनी स्वतःच्या विद्यापीठालाच विचारावं की समरपासून सुरुवात करण्याची सोय आहे का आणि तशी तारीख आय-२० वर मिळेल का.

आपल्याच विद्यापीठात लवकर सुरुवात

काही विद्यापीठांत नव्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळ्यातच सुरुवात करण्याचे कार्यक्रम असतात. पेन स्टेटचा 'लीप', पर्ड्यूचा 'अर्ली स्टार्ट', यूसीएलएचं 'कॉलेज समर इन्स्टिट्यूट' ही त्यातली काही. फी कम्युनिटी कॉलेजपेक्षा बरीच जास्त, पण क्रेडिटची चिंता नाही, राहायला डॉर्म आणि सप्टेंबरआधी ओळखीची माणसं. घरातून पहिल्यांदाच कॉलेजला जाणाऱ्या किंवा लांब राहायच्या विचाराने धास्तावलेल्या मुलांना मी हाच पर्याय सुचवेन, पैसे जुळत असतील तर. फ्लोरिडाच्या सरकारी विद्यापीठांचा नियम आणखी वेगळा. ६० पेक्षा कमी क्रेडिट घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याला पदवीपर्यंत किमान ९ क्रेडिट उन्हाळ्यात करावीच लागतात. तिथे आधीचा उन्हाळा वापरायचा असेल तर तो त्या नऊमध्ये धरला जाईल का, हे विचारून घ्या.

'आपण ट्रान्सफर विद्यार्थी तर ठरणार नाही ना?'

ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. हायस्कूल संपल्यानंतर लगेच येणाऱ्या उन्हाळ्यात कोर्स केला तर यूसी तुम्हाला पहिल्या वर्षाचाच विद्यार्थी मानते. फॉलच्या नियमित सत्रात दुसरीकडे नाव घातलं तर गोष्ट बदलते. काही कम्युनिटी कॉलेजांचं फॉल ऑगस्टमध्येच सुरू होतं, त्यामुळे निवडलेला वर्ग 'समर' खालीच आहे ना, हे बघून घ्या. केलेला कोर्स विद्यापीठाला कळवणं सक्तीचं आहे, ग्रेड आवडली नाही तरीही.

क्रेडिट पोचवणं

ओरिएंटेशनला जुलैत फॉलचे कोर्स निवडायला बसवतात तेव्हा उन्हाळ्याचा कोर्स अर्धवटच झालेला असतो. ॲडव्हायझरला स्वतःहून सांगा, असिस्टच्या त्या पानाची प्रिंट दाखवा आणि त्यावर अवलंबून असलेला पुढचा कोर्स आत्ता घेता येईल का ते विचारा. नाहीतर तोच कोर्स फॉलमध्येही पदरात पडतो.

शेवटच्या आठवड्यात कम्युनिटी कॉलेजच्या पोर्टलवरून अधिकृत ट्रान्सक्रिप्ट मागवा आणि 'ग्रेड लागल्यावर पाठवा' हा पर्याय टिकमार्क करा. तो राहिला तर ग्रेडशिवायचं ट्रान्सक्रिप्ट जातं आणि पुन्हा मागवावं लागतं. कॅलिफोर्नियात पहिल्या दोन प्रती मोफत असतात. ते आपोआप जात नाही, दोन्ही सरकारी कॉलेजं असली तरी नाही. दोन-तीन आठवड्यांनी विद्यापीठाच्या पोर्टलवर कोर्स दिसतोय का आणि योग्य अटीखाली बसलाय का ते बघा. नुसतं इलेक्टिव्ह म्हणून पडला असेल तर सिलॅबसची पीडीएफ जोडून रजिस्ट्रारला लिहा. म्हणूनच तो सिलॅबस पहिल्याच दिवशी उतरवून ठेवायचा. सत्र संपल्यावर काही दिवसांत कॅनव्हासचा तो वर्ग बंद होतो आणि मग सिलॅबस मिळवायला प्राध्यापकांच्या मागे लागावं लागतं.